नवे इंजिन, जुने इंजिन आणि नियमांची वही

तुरीची रास घरात आली आणि पैसा हाती पडला, की आमच्या सीमाभागातील घराघरांतून खर्चाचे बेत सुरू होतात. आळंद तालुक्यातील आमच्या एका स्नेह्यांच्या घरी यंदा बेत झाला तो मात्र आम्ही पूर्वी कधी ऐकला नव्हता. त्यांचा मुलगा कलबुर्गीस अभियांत्रिकीचे शिक्षण घेतो. मित्रांच्या साहाय्याने त्याने मोटारसायकलचे १२५ सी. सी. इंजिन बसवून एक गो-कार्ट बांधली होती. आता त्याला खऱ्या कार्ट-शर्यतीत उतरावयाचे होते. हैदराबादेस कोणाकडे तरी एक जुने रोटॅक्स इंजिन अल्प किमतीत मिळत होते. "नवे काय, जुने काय, धावते सारखेच," असे विकणाऱ्याचे म्हणणे. स्नेह्यांनी आम्हांस विचारले, "घ्यावे काय?"

आम्ही यंत्रशास्त्राचे पंडित नव्हे. तरीही एका वर्षाच्या पिकाचा पैसा गुंतणार असल्यामुळे आम्ही माहितगारांना गाठले, जुन्या-नव्या नियमांची तुलना केली आणि जे कळले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

बैलांचे दात आणि गाडीचे इंजिन

शर्यतीचा कस नियमांत असतो, ही गोष्ट आपल्याकडील शेतकऱ्यास निराळी सांगावयास नको. बैलगाडी-शर्यतींच्या मैदानात बैलांचे दात पाहून आदत, दुसा, चौसा असे गट पाडतात. कोवळा खोंड आणि भरात आलेला बैल एका ओळीत उभे करीत नाहीत. याच शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बंदी घातली. कर्नाटक व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने त्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. खेळ जुनाच राहिला, परंतु नियम नव्याने लिहावे लागले.

कार्टच्या शर्यतीत दातांच्या जागी इंजिन पाहतात, एवढाच फरक.

गवत कापण्याच्या यंत्रापासून

ज्या १९५६ साली बिदर आणि गुलबर्गा हे जिल्हे हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात आले, त्याच साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स या कारागिराने पहिली कार्ट बांधली. हा गृहस्थ शर्यतीच्या मोटारी बांधणाऱ्या कारखान्यात कामाला होता. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, चार लहान चाके आणि मागे गवत कापण्याच्या यंत्राचे दोन-स्ट्रोक इंजिन, असा तो थाट होता. पुढे १९५९ साली लाकूड कापण्याच्या करवती बनविणाऱ्या मॅककलक कंपनीने खास कार्टसाठी इंजिन बाजारात आणले. १९६२ साली या खेळाकरिता आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापन झाले. प्रबळ इंजिन आले, की ज्याच्याकडे जुने आहे त्याने काय करावे, हा प्रश्न तेव्हापासून या खेळाच्या मागे लागला आहे.

दोन वाटा

या प्रश्नाची दोन उत्तरे अलीकडच्या काळात पाहावयास मिळाली.

पहिले उत्तर आंतरराष्ट्रीय मंडळाचे. कित्येक वर्षे वरच्या दर्जाच्या शर्यती १०० सी. सी. इंजिनांवर होत असत. २००७ साली मंडळाने ती बाजूस सारून 'केएफ' नावाची १२५ सी. सी. इंजिने आणली. त्यांना बटणावर चालू होणारा स्टार्टर, बॅटरी आणि क्लच होता. चालकाची सोय झाली. परंतु वजन वाढले, गुंतागुंत वाढली आणि खर्चही वाढला. अखेर २०१६ साली मंडळाला 'ओके' नावाचे साधे इंजिन आणावे लागले. त्यात स्टार्टर व क्लच दोन्ही वगळले. गाडी ढकलून चालू करावयाची जुनी रीत परत आली. दहा वर्षांच्या आत ज्यांनी दोनदा इंजिने बदलली, त्यांच्या खिशाचा विचार वाचकांनीच करावा.

दुसरे उत्तर ऑस्ट्रियातील रोटॅक्स कंपनीचे. १९९७ साली तिने '१२५ मॅक्स' हे इंजिन काढले. मोठ्या गटातील या इंजिनाची शक्ती सुमारे ३० अश्वशक्ती. आपल्या रस्त्यावरील साध्या १२५ सी. सी. मोटारसायकलची ती दहा-अकराच्या आसपास असते. २०१५ पासून याच इंजिनाची 'ईव्हो' ही सुधारलेली आवृत्ती आली. कार्बोरेटर नवा, प्रज्वलनव्यवस्था नवी, सायलेन्सर नवा, आणि धूर बाहेर पडण्याच्या वाटेवरील झडप विजेच्या नियंत्रणाखाली आली. शक्तीत मोठी झेप नव्हती; इंजिन कमी वेगातही सुरळीत ओढावे आणि त्याची निगा सोपी व्हावी, हा हेतू होता. महत्त्वाची गोष्ट अशी, की जुन्या इंजिनाला नवे भाग बसवून त्याला ईव्होच्या पंक्तीस आणण्याचा संचही कंपनीने दिला. जुना धनी एकदम उघड्यावर पडला नाही.

आम्हांस दुसरी वाट अधिक शहाणपणाची वाटते. सुधारणा हवीच, परंतु ती पायरीपायरीने यावी, आगाऊ सांगून यावी, आणि कालच्या खरेदीला आज भंगाराचे मोल येऊ नये.

मोहोर तुटली की

रोटॅक्सच्या शर्यतींत आणखी एक कडक रीत आहे. प्रत्येक इंजिनावर क्रमांकाची मोहोर लावलेली असते आणि त्याबरोबर इंजिनाचे ओळखपत्र असते. ते उघडावयाचे झाल्यास अधिकृत केंद्रातच. तेथे तपासणी होऊन पुन्हा मोहोर लागते. "उघडून बघू" ही आपल्याकडील मेकॅनिकची आवडती रीत येथे चालत नाही. श्रीमंताने आतल्या आत इंजिन कोरून वेग वाढवू नये, म्हणून ही तजवीज.

भारतात हा खेळ मोटार-क्रीडा महासंघाच्या नियमांखाली चालतो, आणि रोटॅक्सच्या राष्ट्रीय स्पर्धा बरीच वर्षे झाल्या आहेत. अभिमानाची गोष्ट म्हणजे त्यांच्या काही फेऱ्या कोल्हापूरच्या मोहिते ट्रॅकवर भरल्या. कोल्हापूरचेच कृष्णराज महाडिक पुढे ब्रिटनमधील फॉर्म्युला-थ्री शर्यतींपर्यंत पोहोचले. मराठी मुलांना ही वाट अनोळखी राहिलेली नाही.

आमचे उत्तर

आम्ही स्नेह्यांना तीन गोष्टी पाहावयास सांगितल्या: मोहोर शाबूत आहे काय, ओळखपत्रावरील क्रमांक इंजिनावरील क्रमांकाशी जुळतो काय, आणि चालू वर्षाच्या नियमांत ती आवृत्ती त्या गटास मान्य आहे काय. तिसऱ्या गोष्टीविषयी विकणाऱ्याचे तोंडी आश्वासन पुरेसे समजू नये. आयोजकांकडून लेखी विचारून घ्यावे.

पितापुत्र बिदरमार्गे हैदराबादेस गेले. इंजिन खरोखर देखणे होते, आवाजही खणखणीत. वडील खिशात हात घालणार, इतक्यात मुलगा म्हणाला, "अण्णा, थांबा. आधी मोहोर बघू द्या." मोहोर तुटलेली होती. ओळखपत्र घरी राहिल्याचे विकणाऱ्याने सांगितले. दोघे रिकाम्या हाताने परतले. मुलगा बसमध्ये एक शब्द बोलला नाही, असे स्नेही म्हणाले.

त्यानंतर त्यांनी ठरविले ते असे: वर्षभर मुलाने भाड्याच्या कार्टवर सराव करावा, हात बसला तर पुढच्या हंगामात अधिकृत केंद्रातून इंजिन पाहावे. महिन्यातून एकदा तो पहाटेच्या गाडीने हैदराबादेस जातो. तुरीच्या पैशातील थोडी रक्कम निराळी ठेवली आहे. बाकीची बियाण्याला लागली. आणि ज्या मुलाला पूर्वी नियमांचे पुस्तक कंटाळवाणे वाटे, तो आता ते उशाशी घेऊन निजतो, असे त्याच्या आईने आम्हांस हसत हसत सांगितले.