जिल्ह्याची साखर, शंभर दिवसांची

वर्षाला ५० हजार टन. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या प्रत्येक माणसाने आहारतज्ज्ञांची मर्यादा पाळली, तर सगळ्या जिल्ह्याला एवढीच साखर लागेल. हिशोब सरळ आहे: २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ४५ लाख ४३ हजार, माणशी दिवसाला ३० ग्रॅम, म्हणजे वर्षाला जवळपास ११ किलो. रोज ५ हजार टन ऊस गाळणारा एक कारखाना १० टक्के उताऱ्याने एवढी साखर १०० दिवसांत काढतो. प्रवरानगरला देशातल्या पहिल्या यशस्वी सहकारी साखर कारखान्याचे गाळप १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाले. आज कोपरगाव, संगमनेर, नेवासे, श्रीरामपूर, अकोले, श्रीगोंदे अशा तालुक्या-तालुक्यांत कारखाने आहेत. जिल्ह्याच्या गरजेला त्यांतला एक पुरेसा आहे.

३० ग्रॅमचा आकडा हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा. संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत प्रौढांसाठी वरून घातलेली साखर दिवसाला ३० ग्रॅमच्या आत आणि ७ ते १० वर्षांच्या मुलांसाठी २४ ग्रॅमच्या आत सांगितली आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची मर्यादा सैल आहे. एकूण उष्मांकाच्या १० टक्के, म्हणजे २,००० किलोकॅलरीच्या आहारात ५० ग्रॅम. जमल्यास ५ टक्के, म्हणजे २५ ग्रॅम. भारतीय मर्यादा या दोन्हींच्या मध्ये, पण खालच्या आकड्याला चिकटून आहे.

प्रत्यक्षातला खप वरच्या आकड्याच्याही पुढे आहे. २०२३-२४ च्या हंगामात देशात सुमारे २९० लाख टन साखर खपली, २०२४-२५ मध्ये सुमारे २८१ लाख टन. १४५ कोटींनी भागले तर माणशी रोजचे ५५ ग्रॅम घसरून ५३ झाले. याच वर्षात देशातले उत्पादन सुमारे ३१९ लाख टनांवरून २६१ लाख टनांवर आले, म्हणजे १८ टक्के घट. महाराष्ट्रात ते ११० लाख टनांवरून ८१ लाखांवर आले, घट २६ टक्के. देशातल्या उत्पादनाला फटका १८ टक्क्यांचा, खपाला ३ टक्क्यांचा. कमी पिकली म्हणून साखर कमी खाल्ली जात नाही.

५३ ग्रॅम ही सरासरी आहे आणि तिला दोन गळत्या आहेत. देशातल्या साखरेचा निम्म्याहून अधिक हिस्सा घरच्या डब्यात येतच नाही. तो शीतपेये, बिस्किटे, मिठाई, आइस्क्रीम बनवणाऱ्यांकडे जातो. त्यातला थोडा परदेशी जातो, थोडा वाया जातो. उलट बाजूला गूळ या हिशोबात मोजलेलाच नाही. दोन्ही धरूनही ३० आणि ५३ यांच्यातली दरी बुजत नाही.

घराच्या पातळीवर हिशोब पोत्याने करणे सोपे. पाच जणांच्या कुटुंबाची ३० ग्रॅमच्या मर्यादेतली वर्षाची साखर ५५ किलो होते, म्हणजे ५० किलोचे एक पोते आणि वर पाच किलो. महिन्याला साडेचार किलो. किराण्याच्या यादीत महिन्याला पाच किलो साखर असेल, तर माणशी ३३ ग्रॅम झाले, आणि बाहेरचा चहा, पेढा, बिस्किट अजून मोजायचे आहे. सहकारी कारखाने दिवाळीला सभासदांना सवलतीच्या दरात साखर देतात. तिचा भाव ठाऊक असतो, वर्षाच्या हिशोबातला तिचा वाटा सहसा कुणी काढत नाही. चमचा मोजण्यापेक्षा यादी मोजावी, असे माझे मत आहे. चमचा कधी सपाट असतो, कधी शिगोशीग. यादीवर किलो लिहिलेले असतात.

दुसऱ्या टोकाला रेशनकार्ड आहे. स्वस्त धान्य दुकानात साखर फक्त अंत्योदय कुटुंबांना मिळते, महिन्याला कुटुंबामागे एक किलो. केंद्राचे अनुदान किलोला १८ रुपये ५० पैसे. पाच माणसांत वाटली तर ती रोज ६.७ ग्रॅम येते, सव्वा चमच्याच्या आसपास. सरकारी अनुदानाची साखर मर्यादेच्या पाव हिश्श्यापेक्षाही कमी आणि बाजारातली सरासरी मर्यादेच्या पावणेदोन पट.

ही साखर दिवसात जाते कुठे? चहाच्या कपाला दोन चमचे धरले तर १० ग्रॅम. सकाळचा, दुपारचा आणि कुणी आल्यावरचा, असे तीन कप झाले की ३० ग्रॅम पुरे. त्यानंतरचे सगळे मर्यादेबाहेर. चमचा दोनाचा एक केला तर १५ ग्रॅम उरतात. एका माणसाच्या बाबतीत ही वर्षाची साडेपाच किलो साखर झाली. दिवाळीचे लाडू-करंज्या बंद करून एवढी बचत होत नाही.

नैसर्गिक साखरेचा हिशोब वेगळा ठेवावा लागतो. २०० मिलिलिटर दुधात सुमारे १० ग्रॅम दुग्धशर्करा असते. राहात्याच्या १५० ग्रॅमच्या पेरूत साखर सुमारे १३ ग्रॅम आणि तंतू ७-८ ग्रॅम. १०० ग्रॅम डाळिंबाच्या दाण्यांत साखर १३-१४ ग्रॅम, तंतू ४. हे आकडे चहाच्या कपापेक्षा मोठे किंवा बरोबरीचे आहेत, तरी ते ३० ग्रॅमच्या मर्यादेत धरत नाहीत. अख्ख्या फळातली साखर तंतूंसोबत येते आणि सावकाश रक्तात उतरते. शिवाय चार पेरू एका बैठकीत कुणी खात नाही. मधुमेह असलेल्यांना मात्र फळाचेही प्रमाण मोजावेच लागते.

फळ पिळले की गणित बदलते. उसाच्या जिल्ह्यात याचे उदाहरण रसवंतीवर आहे. पोषण संस्थेच्या मार्गदर्शिकेत उसाच्या रसाचा वेगळा उल्लेख आहे: १०० मिलिलिटरला १३ ते १५ ग्रॅम साखर, म्हणून तो कमीत कमी प्यावा. बर्फ वगळून २०० मिलिलिटर रस घेतला तर २६ ते ३० ग्रॅम झाले, म्हणजे एका ग्लासात दिवस संपला. रसात कुणी वरून साखर घातलेली नसते. खोक्यातल्या फळांच्या रसाचेही तसेच. वेष्टनावर ‘अ‍ॅडेड शुगर’ शून्य लिहिलेली असू शकते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत ती साखर तरीही मर्यादेत धरली जाते. वेष्टनावर दोन ओळी असतात, एकूण साखर आणि वरून घातलेली साखर. रसाच्या खोक्यावर पहिली ओळ वाचावी, बिस्किटाच्या पुड्यावर दुसरी.

गुळाने हिशोब फारसा हलत नाही. पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांत १०० ग्रॅम साखरेचे उष्मांक ३९८ आणि गुळाचे ३८३ आहेत. फरक ४ टक्क्यांचा. लोह १०० ग्रॅम गुळात सुमारे २.६ मिलिग्रॅम. प्रौढ स्त्रीची रोजची शिफारस २९ मिलिग्रॅमची आहे. ती एकट्या गुळातून भागवायची तर रोज किलोभराहून जास्त गूळ खावा लागेल.

साखर हे मधुमेहाचे एकमेव कारण मानले तर आकडे साथ देत नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. शहरी प्रमाण १६.४ टक्के, ग्रामीण ८.९. त्याच अभ्यासमालेत २०११ साली महाराष्ट्राचे आकडे होते मधुमेह ८.४ टक्के, उंबरठ्यावरचे १२.८. भारतीयांच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात, त्यातले बहुतेक भात-पोळीतून. चहातली साखर निम्मी केली आणि भात तेवढाच ठेवला, तर ताटातला मोठा आकडा जागचा हलत नाही. तरीही साखर आधी मोजावी, कारण ती कमी केल्याने प्रथिने, तंतू, जीवनसत्त्वे यांतले काहीच कमी होत नाही.

मुलांची आकडेवारी प्रौढांपेक्षा वाईट आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे २०२५ मध्ये संलग्न शाळांना ‘शुगर बोर्ड’, म्हणजे साखरेची माहिती देणारे फलक, लावायला सांगितले. त्या परिपत्रकानुसार ४ ते १० वर्षांच्या मुलांचे १३ टक्के उष्मांक साखरेतून येतात, ११ ते १८ वयोगटात १५ टक्के. शिफारस ५ टक्क्यांची. परिपत्रक या एका मंडळाचे आहे. जिल्हा परिषदेच्या आणि राज्य मंडळाच्या शाळा त्याच्या कक्षेत येत नाहीत.

चार महिन्यांनी, २२ सप्टेंबर २०२५ पासून, बिस्किटे, चॉकलेट आणि आइस्क्रीमवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आला. साखर घातलेल्या फेसाळ पेयांवरचा एकूण कर आधी २८ अधिक १२ असा ४० टक्के होता, आता तो एकाच दरात ४० टक्के आहे. ग्लुकोज बिस्किटांत १०० ग्रॅममागे साखर सुमारे २५ ग्रॅम असते, ३०० मिलिलिटर कोलात सुमारे ३२. बिस्किटाचा ५० ग्रॅमचा पुडा खाणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाचा २४ ग्रॅमपैकी निम्मा वाटा तिथेच संपतो, आणि ही साखर घरच्या किराणा यादीतल्या साखरेच्या ओळीत कुठेच दिसत नाही.