समुद्रात पडलेलं विमान लवकर का सापडत नाही?

"एवढं मोठं विमान, अन् सापडत नाही म्हणजे काय?" विमान समुद्रात कोसळल्याची बातमी आली की चौथ्या-पाचव्या दिवशी हा प्रश्न बजाजनगरातल्या चहाच्या टपरीवर हमखास निघतो. फर्स्ट शिफ्ट सुटलेली असते, कोणीतरी मोबाइल पुढे करतो, आणि मग एकेक मत पडू लागतं. यंत्रणा झोपल्यात. उपग्रहातून मोटारीची नंबरप्लेट दिसते म्हणतात, मग विमान कसं दिसत नाही? काहीतरी दडवतायत. वाळूजच्या कारखान्यांत मिनिटांचा हिशेब द्यावा लागणाऱ्या माणसाला महिनोन्‌महिने चालणारा शोध म्हणजे कामचुकारपणा वाटला, तर त्यात नवल नाही. त्याचा राग खोटा नसतो, पण बऱ्याचदा तो भलत्याच ठिकाणी जाऊन बसतो.

समुद्र आपल्यापासून रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या पलीकडे. वाळूज-चिकलठाण्याच्या या शहराला ठाऊक असलेला विमान अपघात जमिनीवरचा आहे. 26 एप्रिल 1993 रोजी चिकलठाण्याहून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग 737 धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठी घेऊन चाललेल्या ट्रकला धडकलं. विमानातल्या 118 जणांपैकी 55 जण गेले. अपघात कुठे झाला हे कोणाला शोधावं लागलं नाही. जून 2025 मध्ये अहमदाबादला एअर इंडियाचं विमान पडलं, तेव्हा ब्लॅक बॉक्सचा एक रेकॉर्डर दुसऱ्याच दिवशी आणि दुसरा चार दिवसांत मिळाला. आपल्या मनातलं वेळापत्रक अशा अपघातांनी घालून दिलेलं आहे.

मुळात बचाव, शोध आणि अवशेष वर काढणं ही तीन निरनिराळी कामं आहेत. बचावकार्य झपाट्याने होतं आणि आपल्याकडेही झालेलं आहे. 28 जून 2022 रोजी मुंबई हायमधल्या 'सागर किरण' रिगजवळ ओएनजीसीचं हेलिकॉप्टर समुद्रात उतरवावं लागलं. आत 9 जण होते. हेलिकॉप्टरला तरंगते फुगे होते, रिग जवळ होती, होड्या हाताशी होत्या. पाच जण वाचले, चौघे गेले. या सगळ्याचा निकाल काही तासांत लागला. बचावाची आशा संपली की पुढचं काम सुरू होतं, आणि त्याचा वेग ठरवणं माणसाच्या हाती फारसं नसतं.

आता उपग्रहाचं. जीपीएस म्हणजे विमानावर ठेवलेली पाळत, असा समज सार्वत्रिक आहे. प्रत्यक्षात जीपीएसचे उपग्रह फक्त संकेत पाठवतात. विमान त्यावरून आपली जागा स्वतःशीच ठरवतं. ती दुसऱ्या कोणाला कळायची तर विमानाने कळवावी लागते. किनाऱ्यावरचं रडार क्षितिजापुरतंच पाहतं. छायाचित्रं घेणाऱ्या उपग्रहाला ढगाखालचं दिसत नाही आणि पाण्याखालचं तर मुळीच नाही. विमानात आपत्कालीन ट्रान्समीटर असतो हे खरं. तो 406 मेगाहर्ट्झवर हाक देतो आणि ती उपग्रह टिपतात. पण रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात काही हात जाण्याआधीच विरून जातात. विमान बुडालं की ट्रान्समीटर मुका होतो.

पाण्यात चालतो तो फक्त आवाज. म्हणून ब्लॅक बॉक्सला (जो नारिंगी असतो) पाण्याखालून ठराविक अंतराने 'टिक' करणारा बीकन जोडलेला असतो. पाणी लागलं की तो आपोआप सुरू होतो. आवाज 37.5 किलोहर्ट्झचा, म्हणजे माणसाच्या कानाला ऐकूच न येणारा. तो पकडायचा तर खास यंत्र एक-दोन किलोमीटरच्या टप्प्यात न्यावं लागतं. समुद्र तीन-चार किलोमीटर खोल असला तर जहाजाने वरून कान लावून भागत नाही, यंत्र लांब केबलला बांधून खोलवर ओढत न्यावं लागतं. बीकनची बॅटरीही कायमची नसते. पूर्वी ती 30 दिवसांची असे, आता नव्या बीकनसाठी 90 दिवसांची अट आहे.

हा बीकन असण्या-नसण्याने काय फरक पडतो, ते बंगालच्या उपसागरातल्या दोन अपघातांत उघडं पडलं. 8 जून 2015 रोजी तटरक्षक दलाचं डॉर्नियर तिघांसह तमिळनाडूच्या किनाऱ्यालगत नाहीसं झालं. नौदलाच्या 'सिंधुध्वज' पाणबुडीने त्याच्या बीकनचे अधूनमधून येणारे ठोके टिपले. मग रिलायन्सचं 'ऑलिम्पिक कॅन्यन' हे जहाज कामाला लावलं गेलं आणि 33व्या दिवशी सुमारे 950 मीटर खोलीवर विमानाचे अवशेष सापडले.

वर्षभराने, 22 जुलै 2016 रोजी, चेन्नईजवळच्या तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं हवाई दलाचं एएन-32 बेपत्ता झालं. आत 29 जण होते, त्यांत पिंपरी-चिंचवडचा एक तरुण अधिकारीही होता. 23,000 फुटांवर उडणारं विमान एकाएकी डावीकडे वळलं, वेगाने खाली येऊ लागलं आणि रडारवरून दिसेनासं झालं. संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर दुसऱ्याच दिवशी तांबरमला पोचले. जहाजं, विमानं, पाणबुडी, उपग्रह, सगळं कामाला लागलं. पावसाळ्याचे दिवस होते आणि खाली साडेतीन किलोमीटरच्या आसपास पाणी. या विमानात आपत्कालीन ट्रान्समीटर होते, मात्र पाण्याखालून टिकटिकणारा बीकन नव्हता. त्यामुळे ऐकण्यासारखं काही उरलंच नाही, फक्त तळ चाचपायचा.

तो चाचपताना हात लागायला साडेसात वर्षं गेली. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने आपलं मानवरहित पाणयान विमानाच्या शेवटच्या ज्ञात जागेच्या परिसरात सोडलं. 3,400 मीटर खोलीवर, किनाऱ्यापासून सुमारे 140 सागरी मैलांवर, विमानाचे तुकडे तळाशी पडलेले त्याच्या छायाचित्रांत दिसले. ते एएन-32 शी जुळतात, असं संरक्षण मंत्रालयाने 12 जानेवारी 2024 रोजी जाहीर केलं.

या खोलीवर दाब असतो साधारण 340 बार. वाळूजच्या शॉपफ्लोअरवर हायड्रॉलिक प्रेस दोनशे-अडीचशे बारवर चालते आणि तिचा होज फुटला तर माणसं कशी पळतात, हे प्रेसवर काम करणाऱ्याला सांगायला नको. तिथे त्याहून जास्त दाब चहूबाजूंनी, अहोरात्र असतो. म्हणून "नौदलाचे पाणबुडे उतरवा की" ही सूचना तिथे गैरलागू ठरते. साध्या टाकीने उतरणारा पाणबुड्या काही दहा मीटरपर्यंतच जातो. खास वायुमिश्रण आणि दाबकक्ष वापरूनही मजल काही शे मीटरच्या पुढे फारशी जात नाही. त्याखाली सगळं यंत्रांवर. केबलला बांधलेला सोनार ताशी पाच-सहा किलोमीटरने ओढायचा, म्हणजे माणसाच्या चालीने. एक पट्टा संपला की मागे कित्येक किलोमीटर केबल लोंबत असताना जहाज वळवायचं, आणि त्या एका वळणात तासच्या तास जातात. समुद्र खवळला तर सगळं वर ओढून घ्यायचं आणि थांबायचं.

मग उथळ पाण्यात तरी काम पटकन उरकत असेल? तेही नाही. ऑक्टोबर 2018 मध्ये इंडोनेशियाच्या लायन एअरचं विमान जकार्ताजवळ जेमतेम तीस-पस्तीस मीटर पाण्यात पडलं. एक रेकॉर्डर तीन दिवसांत मिळाला. वैमानिकांचं बोलणं टिपणारा दुसरा जानेवारी 2019 मध्ये हाती लागला, तोही सुमारे 8 मीटर चिखलाखाली. या शोधात एका पाणबुड्याचा जीव गेला. चिखलात हात घालून, स्वतःचं बोटही दिसत नसताना, धारदार पत्र्यांमध्ये चाचपडायचं हे काम आहे. घाई करा म्हणताना ही माणसंही डोळ्यांपुढे असावीत.

मुंबईने असा अपघात अगदी दाराशी पाहिला आहे. 1 जानेवारी 1978 च्या संध्याकाळी सांताक्रूझहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं 'सम्राट अशोक', कंपनीचं पहिलं जम्बो जेट, उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आतच वांद्र्याच्या किनाऱ्यापासून तीनेक किलोमीटरवर समुद्रात कोसळलं. सर्व 213 जण मृत्युमुखी पडले. पाणी दहा मीटरच्या आसपास. नववर्षाचा दिवस होता, घातपाताची बोलवा लगोलग उठली. पाण्यातून काढलेले अवशेष तपासल्यावर स्फोटाची खूण सापडली नाही. विमान किती कललं आहे हे दाखवणारं कॅप्टनसमोरचं उपकरण बिघडलं होतं. अंधारात, समोर क्षितिज नसताना, कॅप्टनने त्यावर विश्वास ठेवला आणि विमान डावीकडे आडवंच होत गेलं, असा निष्कर्ष निघाला. गेलेली माणसं परत येणार नाहीत, मग लोखंड उपसून काय उपयोग, असं म्हणणारे भेटतात. हा एक उपयोग.

1985 च्या जूनमध्ये एअर इंडियाचं 'कनिष्क' विमान आयर्लंडजवळ पडलं तेव्हा उलट घडलं. तिथे बॉम्ब होता. 329 जणांपैकी 131 मृतदेहच मिळाले. पण सुमारे 2,000 मीटर खोलीवरून दोन्ही रेकॉर्डर तीन आठवड्यांच्या आत वर आणले गेले. चाळीस वर्षांपूर्वीच्या तंत्राने तेव्हा जमलं, मग आता का नाही, हा प्रश्न त्यामुळे रास्त वाटतो. तिथे विमान कुठे पडलं ते लवकर कळलं होतं आणि बीकन वाजत होते. यंत्र सुधारलं तरी जागाच माहीत नसेल तर ते सोडायचं कुठे?

आणि जागा माहीत असूनही माणसं चुकतात. एअर फ्रान्सचं 447 हे विमान 1 जून 2009 रोजी अटलांटिकमध्ये कोसळलं. पृष्ठभागावर तुकडे आणि काही मृतदेह आठवडाभरातच मिळाले. मुख्य अवशेष मात्र एप्रिल 2011 मध्ये, सुमारे 3,900 मीटर खोलीवर सापडले. ते विमानाने शेवटची जागा कळवली होती तिथून जेमतेम बारा किलोमीटरवर होते! सुरुवातीला बीकन ऐकणारी जहाजं त्या भागातून जाऊन आली होती. ऐकू काही आलं नाही, म्हणून विमान तिथे नसावं असं धरून शोध दुसरीकडे गेला. दोन्ही बीकन बंद पडले असतील, ही शक्यता हिशेबात घेऊन आकडेमोड पुन्हा मांडली, तेव्हा कुठे यंत्रं योग्य जागी उतरली आणि आठवडाभरात काम झालं. इथे दोन वर्षं समुद्राने खाल्ली म्हणता येत नाही. त्यातला मोठा वाटा एका गृहीतकाचा होता.

म्हणून विलंबाबद्दल प्रश्न विचारूच नयेत, असं मला मुळीच वाटत नाही. "अजून का सापडत नाही" याचं उत्तर बहुतेक वेळा समुद्रच देतो. "नेहमी समुद्रावरून जाणाऱ्या विमानात बीकन का नव्हता" याचं उत्तर माणसांनीच द्यायला हवं. घरच्यांना माहिती टीव्हीवरून का कळते, आज कोणता पट्टा तपासला आणि उद्या कोणता तपासणार हे रोज एका ठरलेल्या माणसाने का सांगू नये, हे प्रश्नही तसेच. माहिती आली नाही की कटाच्या गोष्टी उगवतात. मार्च 2014 मध्ये गायब झालेल्या मलेशियाच्या एमएच-370 मध्ये 239 जण होते. पाच भारतीय प्रवाशांपैकी चौघे मराठी. तळाचं एक लाख वीस हजार चौरस किलोमीटर क्षेत्र धुंडाळून जानेवारी 2017 मध्ये तो शोध थांबवला गेला. मार्च 2025 मध्ये मलेशियाने एका खासगी कंपनीशी 'सापडलं तरच पैसे' या अटीवर 7 कोटी डॉलरचा करार केला. शोध कधी थांबवायचा, खर्च कोणी सोसायचा, हे निर्णय असतात. त्यांवर बोट ठेवायला हरकत नाही.

शेवटचा गैरसमज घरच्यांना सगळ्यात महाग पडणारा: मृतदेह किंवा ब्लॅक बॉक्स मिळेपर्यंत कागदोपत्री काही होत नाही. सात वर्षं पत्ता नसलेला माणूस मृत मानण्याची तरतूद कायद्यात आहे, पूर्वी पुरावा कायद्यात होती, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात आहे. पण अशा अपघातात सात वर्षं थांबावंच लागतं असं नाही. एएन-32 मधल्या 29 जणांना दोन महिन्यांच्या आतच मृत मानण्यात आलं, अवशेष सापडण्याच्या कितीतरी आधी. आंतरराष्ट्रीय प्रवासी उड्डाणाला मॉन्ट्रियल करार लागू असतो, भारत त्यात 2009 पासून आहे. त्यानुसार प्रत्येक प्रवाशामागे 1,51,880 एसडीआरपर्यंतच्या सिद्ध नुकसानीची जबाबदारी, चूक कोणाचीही असो, विमान कंपनीला झटकता येत नाही. एसडीआर हे नाणेनिधीचं हिशेबाचं एकक आहे. मात्र त्याच करारात दावा दाखल करायला दोन वर्षांची मुदत आहे. विमान पोचायला हवं होतं त्या दिवसापासून ती मोजली जाते आणि शोध रेंगाळला म्हणून वाढत नाही. वकिलाकडे जाताना ती तारीख कागदावर लिहून न्यावी.