चौक की तिठा? तारकाकृती रेणूंची घरबांधणी

श्रोतेहो, सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा विस्तवावर धरून पाहा. तो करपेल, काळा धूर सोडील, पण वितळून पुन्हा साच्यात ओतता येणार नाही. गंधक घालून एकदा पक्के केलेले रबर कायमचे पक्के होते. उलट, आज बाजारात मिळणाऱ्या कित्येक चपलांचे तळवे रबरासारखे लवचीक असूनही तापवले की पातळ होतात आणि पुन्हा साच्यात घालता येतात. हे दोन गुण एका पदार्थात नांदतात कसे?

रबराच्या झाडाच्या चिकात आयसोप्रीन नावाच्या लहान रेणूंच्या लांबच लांब माळा असतात. थर्माकोल स्टायरीनच्या माळांचा बनलेला असतो. अशा माळांना पॉलिमर म्हणतात. आपली शास्त्रीय पुस्तके 'बहुवारिक' म्हणतात. आता या दोन माळांचे एकमेकींशी पटत नाही. नावड तशी थोडीच असते. सुटे मणी असते तर उष्णतेच्या धक्क्यांनी ते सहज मिसळून गेले असते. पण माळेतल्या शेकडो मण्यांची थोडी थोडी नावड एकत्र साठते आणि दोघी तेल-पाण्यासारख्या वेगळ्या होतात.

मग रसायनशास्त्रज्ञांनी काय केले? दोन्ही माळांची टोके एकमेकांना पक्की जोडली. अशा जोडमाळेला ब्लॉक कोपॉलिमर म्हणतात. न पटणारे व्याही एका मांडवात आले म्हणजे काय होते, ते आपण जाणतोच. वराकडची मंडळी एका बाजूला, वधूकडची दुसऱ्या बाजूला, आणि गाठ बांधलेली जोडी बरोबर सीमेवर! दुसऱ्या गावी निघून जाण्याची सोय नाही. रेणूंचेही तसेच. दोन्ही पक्ष सारखे असले तर पापुद्रे बनतात, एकावर एक. एक पक्ष थोडा कमी असला तर त्याच्या कांड्या बनतात, फारच कमी असला तर गोळ्या. या सगळ्यांचे माप काही दशक नॅनोमीटर. आपला एक केस पन्नास हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो, यावरून कल्पना करा. आणि हे कोणी रचत नाही, बरं का. पदार्थ द्रावकात विरघळवून सावकाश सुकू दिला की रचना आपली आपण होते.

अशी जोडमाळ हवी तशी गुंफण्याची युक्ती 1956 साली मायकेल श्वार्क यांनी अमेरिकेत सिराक्यूज येथे दाखवली. त्यांच्या पात्रातली माळ मणी संपले तरी मरत नसे. नवे मणी टाकले की वाढू लागे. म्हणून तिला 'जिवंत' पॉलिमर म्हणतात. थेंबभर पाणी पडले तर मात्र ती तत्काळ मरते. अशा जिवंत माळा एका मध्यबिंदूला चिकटवल्या की तारकाकृती रेणू तयार होतो. सिलिकॉनच्या एका अणूला चार हात, म्हणून तारा चार भुजांचा. युक्तीने अठरा भुजाही जोडता येतात.

चपलेच्या तळव्यात रबरी भाग ब्युटाडाईनचा असतो, आणि त्याच्या टोकांना स्टायरीनचे तुकडे. ते टोकांचे तुकडे जमून कठीण गाठी होतात आणि मधले रबर बांधून ठेवतात. शंभर अंशांच्या पुढे गाठी मऊ पडतात, पदार्थ वाहू लागतो. निवला की गाठी पुन्हा बसतात. ताऱ्याच्या भुजा अनेक, म्हणून एकच रेणू अनेक गाठींत अडकतो. रस्त्याच्या डांबरात असले पॉलिमर शेकडा पाचाच्या आसपास मिसळतात, ते उन्हात डांबर पाझरू नये आणि थंडीत तडकू नये म्हणून.

आता मुख्य हकीकत. 1986 साली एडविन थॉमस, लुई फेटर्स आणि त्यांचे सहकारी स्टायरीन-आयसोप्रीनच्या तारकाकृती रेणूंचे पातळ काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. ऑस्मियमचे संयुग लावले की आयसोप्रीन काळे दिसते, स्टायरीन पांढरे राहते. त्यांना कांड्या दिसल्या नाहीत, पापुद्रेही नाहीत. दिसली ती एकमेकांत गुंतलेली, पण कोठेही न शिवणारी दोन जाळी. त्यांनी ठरवले की प्रत्येक सांध्यात चार वाटा मिळतात, म्हणजे हिऱ्यातल्या अणूंसारखा चौक. नावही दिले, दुहेरी हिरा.

पण चित्र म्हणजे सावली. कंदिलापुढे धरलेल्या टोपलीची सावली पाहून तिची वीण ओळखायची, तसे ते काम. क्ष-किरणांची साक्ष अधिक काटेकोर असते. चौकांच्या जाळ्यात किरणांच्या पहिल्या दोन कड्यांच्या त्रिज्यांचे प्रमाण सुमारे 1.22 यावे, सांध्यात तीनच वाटा असतील तर 1.15. फरक किती थोडा पाहा! 1994 साली साध्या, सरळ जोडमाळांत तीन वाटांचे जाळे ओळखले गेले. त्याचा पृष्ठभाग ॲलन शोएन यांनी 1970 साली अमेरिकेच्या 'नासा' संस्थेत नुसत्या भूमितीने वर्णिला होता आणि त्याला 'जायरॉइड' म्हटले होते. मग तारकाकृती रेणूंचीही फेरतपासणी झाली. 1995 साली निकाल छापला गेला: तिथेही चौक नव्हता, तिठाच होता. त्या निबंधावर थॉमस आणि फेटर्स यांचीही नावे आहेत. आपली जुनी चूक स्वतःच्या सहीने दुरुस्त करणारे लोक फार नसतात.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हे जाळे वर्गात करून पाहावे. मातीच्या गोळीत तीन काड्या एका पातळीत, सारख्या अंतरावर खोचा. पुढचा तिठा मागच्यापेक्षा सुमारे 70 अंशांनी पिळून जोडा, आणि पीळ नेहमी एकाच दिशेचा ठेवा. दहा तिठे झाले की एक कडे मिटते. दुसऱ्या जाळ्याचा पीळ मात्र उलट दिशेला द्यावा, कारण ते पहिल्याचे आरशातले प्रतिबिंब असते.