सीमेपलीकडे गाडीचा विमा कुठपर्यंत पुरतो?

अहमदपूर : येथून निघालेली गाडी राष्ट्रीय महामार्ग ३६१ ने नांदेड, यवतमाळमार्गे नागपूरजवळच्या बुटीबोरीला पोहोचते आणि उत्तरेकडे गोरखपूर गाठून सोनौलीला नेपाळची सीमा ओलांडते. पशुपतिनाथ, मुक्तिनाथाच्या दर्शनाला स्वतःच्या वाहनाने जाणाऱ्यांसाठी हा सोयीचा मार्ग. निघण्यापूर्वी टायर, ब्रेक, इंजिन ऑईल यांची तपासणी होते. विम्याचा कागद मात्र क्वचितच कोणी उलगडून वाचतो. त्यावर 'भौगोलिक क्षेत्र : भारत' अशी एक ओळ असते. सीमेपलीकडे झालेल्या नुकसानीची वा दायित्वाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, हा तिचा अर्थ.

नेपाळमधील डोंगरी रस्ते किती बिकट आहेत, हे महाराष्ट्राने अनुभवले आहे. २३ ऑगस्ट २०२४ रोजी जळगाव जिल्ह्यातील भाविकांना घेऊन जाणारी, उत्तर प्रदेशात नोंदणी झालेली बस तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली आणि २७ जणांनी प्राण गमावले.

यावरचा उपाय अवघड नाही. जादा हप्ता भरून नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव या सहा देशांपर्यंत पॉलिसीचे क्षेत्र वाढवता येते. २००२ च्या भारतीय मोटार टॅरिफने त्यासाठी सर्वसमावेशक पॉलिसीला ५०० रुपये आणि केवळ थर्ड पार्टी पॉलिसीला १०० रुपये अशी सरसकट रक्कम ठरवली होती. आज नेमके किती पैसे लागतील, हे कंपनीला विचारून घ्यावे. ही वाढ जास्तीत जास्त बारा महिन्यांसाठी असते. गाडी जहाजाने वा विमानाने नेताना होणारे नुकसान तीत धरलेले नाही. एजंटाच्या तोंडी होकारावर विसंबू नये. देशाचे नाव नमूद केलेला लेखी कागद हाती असल्याखेरीज सीमा ओलांडू नये. नेपाळच्या हद्दीत वाहन नेण्यासाठी 'भन्सार' भरून मिळणारी पावती पुष्कळांना पुरेशी वाटते. ती सीमाशुल्काची पावती असते, विमा नव्हे.

मुलाकडे वा मुलीकडे परदेशी गेलेल्यांचा प्रश्न निराळा. आपल्याकडे विमा प्रामुख्याने गाडीचा असतो. मालकाच्या संमतीने, वैध परवाना असलेला कोणीही ती चालवू शकतो. ब्रिटनमध्ये पॉलिसीत सहसा चालकांची नावे असतात. तेथे जावयाची गाडी सासऱ्यांनी सहज म्हणून बाजारापर्यंत नेली आणि त्यांचे नाव पॉलिसीत नसले, तर ते विनाविमा वाहन चालवणे ठरू शकते. तो गुन्हा असून पोलीस गाडी जप्तही करू शकतात. नाव अल्प मुदतीसाठी घालून घेता येते, तेवढी तसदी घ्यावी.

अमेरिकेत नियम राज्यागणिक बदलतात. तेथील सक्तीच्या विम्याची रक्कम पाहून भारतीय वाहनधारक चकित होईल. आपल्याकडे थर्ड पार्टी विम्यात मृत्यू वा दुखापतीच्या भरपाईला कमाल मर्यादा नाही. कॅलिफोर्नियात मात्र १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेली किमान मर्यादा एका जखमीमागे ३० हजार डॉलर आहे. त्यापूर्वी ती १५ हजारच होती. तेथील रुग्णालयांचे दर पाहता ही रक्कम लवकर संपते आणि उरलेला बोजा चालकावर येऊ शकतो. म्हणून गाडी भाड्याने घेताना काउंटरवर देऊ केलेला जादा दायित्व विमा निव्वळ विक्रीची युक्ती समजून झिडकारू नये. स्वतःच्या खिशातून आधी किती रक्कम भरावी लागेल, हेही करारात पाहावे. प्रवास विम्यावर भिस्त ठेवणेही चुकीचे. बहुतेक प्रवास पॉलिसींत वाहन चालवताना दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई वगळलेली असते.

परिवहन कार्यालयातून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना कमाल एक वर्ष चालतो. त्याची मुदत मूळ भारतीय परवान्यापलीकडे जात नाही, त्यामुळे आधी त्यावरील तारीख तपासावी. वैध परवाना नसेल तर विमा कंपनीला दावा नाकारण्यास आयतेच कारण मिळते.