क्रॉन्काइट बोलले त्या रात्री

27 फेब्रुवारी 1968. सीबीएस वाहिनीचे वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट व्हिएतनामहून नुकतेच परतले होते. खास कार्यक्रमाच्या शेवटी त्यांनी बातमी बाजूला ठेवली आणि स्वतःचे मत सांगितले: हे युद्ध कोंडीत सापडले आहे, वाटाघाटी कराव्यात. पुढची गोष्ट बहुतेक पत्रकारांना पाठ असते. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी व्हाइट हाउसमध्ये टीव्ही बंद केला आणि म्हणाले, क्रॉन्काइट हातचा गेला म्हणजे सामान्य अमेरिकी माणूस हातचा गेला.

गोष्ट झकास आहे. अडचण एवढीच, की त्या वेळी जॉन्सन टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात, गव्हर्नर जॉन कोनली यांच्या वाढदिवसाच्या समारंभात होते. माध्यम अभ्यासक डब्ल्यू. जोसेफ कॅम्पबेल यांनी 2010 मध्ये ‘गेटिंग इट राँग’ या पुस्तकात ही दंतकथा सविस्तर तपासली. पण ती मरत नाही, कारण ती दोन्ही पक्षांच्या सोयीची आहे. पत्रकारांना आपल्या ताकदीचा दाखला मिळतो आणि सेनापतींना पराभवाचे खापर फोडायला डोके.

आकडे काय म्हणतात? ‘व्हिएतनाममध्ये सैन्य पाठवणे ही चूक होती का?’ असे गॅलप ही जनमत चाचणी संस्था वर्षानुवर्षे विचारत होती. ऑगस्ट 1965 मध्ये 24 टक्के लोक ‘हो’ म्हणाले, ऑक्टोबर 1967 मध्ये 47 टक्के. म्हणजे 1968 च्या आरंभी कम्युनिस्टांनी केलेला टेटचा हल्ला अजून व्हायचा होता, क्रॉन्काइट बोलायचे होते, तेव्हाच ‘चूक’ म्हणणारे ‘चूक नाही’ म्हणणाऱ्यांच्या पुढे गेले होते.

राज्यशास्त्रज्ञ जॉन म्युलर यांनी 1973 मध्ये व्हिएतनामची तुलना कोरियाशी केली. कोरियन युद्ध सुरू झाले तेव्हा दहांपैकी जेमतेम एका अमेरिकी घरात टीव्ही होता. तरीही पाठिंबा घसरण्याची रीत तीच निघाली: मृतांचा आकडा वाढत जातो तसा तो उतरतो, सुरुवातीला झपाट्याने, मग सावकाश. पहिल्या शंभर शवपेट्यांनी जेवढे मन हलते, तेवढे पुढे हलवायला हजार लागतात. अमेरिकी लष्कराचे स्वतःचे इतिहासकार विल्यम हॅमंड यांनीही अधिकृत इतिहासात हेच नोंदवले, की लोकांना युद्धापासून तोडले ते बातम्यांनी नव्हे, मनुष्यहानीने. माध्यमांमुळे युद्ध हरलो, या सेनापतींच्या तक्रारीला त्यांच्याच खात्याने दिलेले हे उत्तर मला फार मोलाचे वाटते.

अर्थात मृत्यूही बातमी होऊनच घरी येतो. 27 जून 1969 च्या अंकात ‘लाइफ’ साप्ताहिकाने एका आठवड्यात मारल्या गेलेल्या दोनशेहून अधिक अमेरिकी सैनिकांचे फोटो छापले. बहुतेक शाळेच्या अल्बममधल्यासारखे कोवळे चेहरे. पण त्याआधी कित्येक वर्षे गावोगावची छोटी वर्तमानपत्रे आपापल्या मुलाची बातमी छापतच होती. गार्टनर, सेगुरा आणि विल्केनिंग या संशोधकांनी 1997 मध्ये कॅलिफोर्नियातली मते तपासली, तेव्हा देशभरच्या मृतांच्या बेरजेबरोबरच आपल्या परिसरातली माणसे गेल्याची झळही मतांत दिसली.

मग दिवाणखान्यात रोज सांडणारे ते रक्त? माध्यम अभ्यासक डॅनियल हॅलिन यांनी जुन्या चित्रफिती पाहून 1986 मध्ये ‘द अनसेन्सर्ड वॉर’ लिहिले. टेटपूर्वी आग्नेय आशियातून आलेल्या वृत्तचित्रांपैकी जेमतेम 22 टक्क्यांत प्रत्यक्ष लढाई होती, आणि तीही बरेचदा ओझरती. त्यांचा मुद्दा असा, की वॉशिंग्टनमध्ये एकमत असते तोवर माध्यमे त्या एकमताच्या कुंपणात राहतात. सत्ताधाऱ्यांत फूट पडली की मग माध्यमांनाही ‘दुसरी बाजू’ दिसू लागते.

माझ्या मते माध्यमांची खरी ताकद इथेच आहे, युद्धाच्या शेवटाला नव्हे, आरंभाला. ऑगस्ट 1964 मध्ये टोंकिनच्या आखातातल्या दुसऱ्या हल्ल्याची सरकारी कहाणी वर्तमानपत्रांनी जशीच्या तशी छापली. तो हल्ला झालाच नव्हता. तीन दिवसांत जॉन्सन यांना अधिकार देणारा ठराव प्रतिनिधिगृहात 416 विरुद्ध 0, सिनेटमध्ये 88 विरुद्ध 2 मतांनी मंजूर झाला. आणि फेब्रुवारी 1966 मध्ये सिनेटच्या समितीपुढे माजी राजनैतिक अधिकारी जॉर्ज केनन युद्धाविरुद्ध साक्ष देत होते, तेव्हा सीबीएसने दाखवला ‘आय लव्ह लूसी’ या विनोदी मालिकेचा जुना भाग. वृत्तविभागाचे प्रमुख फ्रेड फ्रेंडली यांनी त्यावरून राजीनामा दिला.

दंतकथा खोटी असली तरी तिचे परिणाम खरे निघाले. 1983 मध्ये ग्रेनाडावर उतरताना अमेरिकेने पहिले दोन दिवस पत्रकारांना फिरकूच दिले नाही. 1991 च्या आखाती युद्धात लष्कर नेईल तिथेच जायचे, आणि त्याच वर्षी डोव्हरच्या हवाई तळावर उतरणाऱ्या शवपेट्यांच्या चित्रणावर बंदी आली. (कारगिलच्या वेळी आपल्याकडे केबलवरून पाकिस्तानचा पीटीव्ही बंद केला गेला, तोही याच विश्वासातून.) 2003 मध्ये इराकवर चढाई करताना उलटी युक्ती योजली गेली, पत्रकारांना थेट तुकड्यांसोबतच पाठवले. ज्यांच्या पाठीमागे आपण गोळ्यांपासून लपतो, त्यांच्याविषयी कोण वाकडे लिहील?

बंदोबस्त चोख होता. डोव्हरवरची बंदी 2009 पर्यंत टिकली. तरीही युद्धाचे कारण म्हणून सांगितलेली संहारक अस्त्रे इराकमध्ये सापडली नाहीत आणि शस्त्रशोधाचे नुकतेच पायउतार झालेले प्रमुख डेव्हिड के यांनी जानेवारी 2004 मध्ये सिनेटच्या समितीपुढे आपला अंदाज चुकल्याचे सांगितले. त्या जूनमध्ये गॅलपला 54 टक्के अमेरिकी लोकांनी इराकवर सैन्य पाठवणे ही चूक होती असे सांगितले. व्हिएतनामबाबत ‘चूक’ म्हणणारे निम्म्याच्या वर जायला ऑगस्ट 1968 उजाडला होता, म्हणजे तीन वर्षांहून अधिक. इराकबाबत पंधरा महिने पुरले.