बाळंतिणीच्या घरी आशाताई सहा वेळा का येते? पहिल्या ४२ दिवसांत नेमकं काय तपासलं जातं?

हॉस्पिटलमधून डिस्चार्ज मिळाला, पेढे वाटून झाले, बारशाची तारीख ठरली. आता सगळं सुखरूप पार पडलं असं घरच्यांना वाटतं. पण बाळाच्या जिवाला सर्वाधिक धोका असतो तो पहिल्या २८ दिवसांत, त्यातही पहिल्या आठवड्यात. आणि यातले बरेचसे दिवस बाळ घरीच असतं.

आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना जपायची पद्धत आहे. सरकारी आरोग्य व्यवस्थेतही तिच्यासाठी साधारण तेवढाच काळ राखून ठेवलेला आहे, ४२ दिवसांचा. गावातली आशाताई या दिवसांत ठरलेल्या वेळी घरी येते. ही भेट म्हणजे नुसती विचारपूस नव्हे. ती का ठरली आणि तिच्यात काय व्हायला हवं, हे प्रत्येक नव्या आईबाबांना माहीत असायला हवं.

ही कल्पना आली कुठून?

गडचिरोलीतून. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. हॉस्पिटल लांब आणि बाळंतपणं घरीच, अशी तेव्हाची परिस्थिती. 'सर्च'ने ३९ गावांत स्थानिक महिलांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाचं वजन करणं, त्याला ऊबदार ठेवणं, अंगावर पाजायला आईला मदत करणं, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करणं, हे सगळं या महिला घरी जाऊन करू लागल्या.

१९९९ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उपक्रमाच्या तिसऱ्या वर्षी या गावांतला नवजात मृत्युदर तुलनेसाठी निवडलेल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारने आशांमार्फत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर सुरू केला.

आशाताई कधी येते?

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर सहा भेटी: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची एक भेट वाढते, म्हणजे एकूण सात. त्यानंतर ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यात आणखी पाच भेटी असतात. त्यांची सुरुवात २०१८ मध्ये झाली.

भेटीत काय व्हायला हवं?

बाळाचं वजन आणि ताप मोजणं. श्वास मोजणं. नाळ, त्वचा आणि डोळे पाहणं. बाळ दूध नीट ओढतंय का, हे समोर बसून पाहणं. वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल तर बाळाला आईच्या उघड्या छातीशी कसं धरायचं, हे शिकवणं. लसीकरण आणि जन्मनोंदणी झाली का, हे विचारणं. आणि आईची तब्येत पाहणं. हा शेवटचा भाग बऱ्याचदा घाईत राहून जातो.

याच वेळी घरातल्या काही सवयींबद्दल बोलणंही होतं. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू आईने खुशाल खावेत. पण बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. मध, गुटी, पाणी काहीच नाही. बंद खोलीत शेगडी पेटवून शेक देणंही नको, तो धूर बाळाच्या छातीत जातो. ही गोष्ट सुनेने सांगितली की वाद होतो. आशाताईने सांगितली की आजी बऱ्याचदा ऐकून घेतात.

यातलं काही दिसलं तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका

बाळाच्या बाबतीत:
- दूध ओढणं कमी किंवा बंद झालं
- अंग सैल पडलं, बाळ सुस्त झालं
- अंग तापलं किंवा गार पडलं
- मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास, किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जाते
- झटके आले, नाळेतून पू आला, तळहात-तळपाय पिवळे दिसले

आईच्या बाबतीत:
- खूप रक्तस्राव किंवा घाण वास येणारा स्राव
- ताप
- तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणं, झटके

अशा वेळी १०८ वर फोन करून थेट दवाखाना गाठा.

आणि आईचं मन?

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणं, चिडचिड होणं हे अनेकींना होतं आणि बहुतेकदा आपोआप ओसरतं. पण दोन आठवडे उलटूनही उदासी जात नसेल, बाळ झोपलं तरी आईला झोप लागत नसेल, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर तो आजार आहे, 'नखरे' नाहीत. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील तर तिला एकटं सोडू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या.

साखळी तुटते कुठे?

पहिली जागा म्हणजे माहेर. नाव नोंदवलेलं असतं सासरच्या गावी, बाळंतपण होतं माहेरी. तिथल्या आशाला कुणी कळवलंच नाही तर भेटी हुकतात. दुसरी जागा म्हणजे शहर. शहरी आशांचा भर प्रामुख्याने वस्त्यांवर असतो. नोकरीसाठी आलेलं, फ्लॅटमध्ये एकटं राहणारं जोडपं अनेकदा कुणाच्याच यादीत नसतं.

तिसरं कारण खुद्द आशाताईच्या परिस्थितीत आहे. कागदोपत्री ती 'स्वयंसेविका' आहे, सरकारी कर्मचारी नाही. ४२ दिवसांच्या सगळ्या भेटींचा मोबदला केंद्राने ठरवला तो २५० रुपये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये भारतातल्या आशांचा गौरव केला. तरीही २०२४ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या आशांना मानधनवाढीसाठी आझाद मैदानावर ठाण मांडावं लागलं.

मग आपण काय करायचं?

- सातव्या-आठव्या महिन्यातच, जिथे बाळंतपण होणार तिथल्या आशाताईचा नंबर घ्या. माहेरी जाणार असाल तर दोन्हीकडे कळवा.
- शहरात असाल तर जवळच्या महापालिका दवाखान्यात नोंदणी करा. भेटी होणार नसतील तर डिस्चार्जच्या वेळीच पुढच्या तपासण्यांच्या तारखा लिहून घ्या.
- भेटीच्या वेळी बाबांनीही घरी थांबा. धोक्याची लक्षणं आईइतकीच त्यांनाही पाठ हवीत.
- शेजारी, मित्र असाल तर बाळ बघायला जाताना डबा घेऊन जा. तासभर बाळ सांभाळा, आईला झोपू द्या. आणि फक्त बाळाची नाही, तिचीही चौकशी करा.