चिंता, दुःख आणि शंका : या दुआचे आठ शब्द काय शिकवतात?

दहावीचा निकाल जवळ आला की आम्हा शिक्षकांना पालकांचे फोन सुरू होतात. "सर, पोराला झोप लागत नाही, एखादी दुआ सांगा." आम्ही सांगतो. पण एके वर्षी एका मुलीने आम्हालाच विचारले, "सर, मी रोज दुआ पढते, तरी रडू येतं. माझा ईमान कच्चा आहे का?" त्या दिवशी लक्षात आले, की आपण मुलांकडून दुआ पाठ करून घेतो, पण तिचा अर्थ सांगायचा राहून जातो.

रडू येणे हा गुन्हा नाही

आधी त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर. हजरत याकूब (अ.) अल्लाहचे नबी होते. मुलाच्या विरहात त्यांचे डोळे पांढरे पडले, असे कुरआनच्या सूरह यूसुफमध्ये आले आहे. त्यांनी आपले दुःख नाकारले नाही, ते अल्लाहपुढे मांडले. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या आयुष्यातही असे एक वर्ष आले. पत्नी हजरत खदीजा (रजि.) आणि काका अबू तालिब दोघेही त्या वर्षी गेले. इतिहासात त्याला 'आमुल हुज्न' म्हणजे दुःखाचे वर्ष म्हणतात. पुढे तान्हा मुलगा इब्राहीम वारला तेव्हाही प्रेषितांच्या (स.) डोळ्यांत पाणी आले. मग आपल्या लेकरांना "रडतोस काय, नमाजी आहेस ना?" असे आपण कसे म्हणावे?

आठ गोष्टी, चार जोड्या

सहीह बुखारीत हजरत अनस (रजि.) सांगतात, की ते प्रेषितांच्या (स.) सेवेत असताना एक दुआ वारंवार त्यांच्या तोंडून ऐकत. तिच्यात आठ गोष्टींपासून अल्लाहचा आसरा मागितला आहे. इमाम इब्ने कय्यिम (रह.) यांनी या आठ गोष्टी जोड्या लावून समजावल्या आहेत.

पहिली जोडी 'हम्म' आणि 'हजन'. हम्म म्हणजे उद्याची चिंता : निकाल काय लागेल, नोकरी टिकेल का, मुलीचे लग्न कसे होईल. हजन म्हणजे झालेल्या गोष्टीचे दुःख. दुसरी जोडी 'अज्ज' आणि 'कसल'. अज्ज म्हणजे ताकदच नसणे, कसल म्हणजे ताकद असून आळस करणे. तिसरी 'बुख्ल' आणि 'जुब्न', म्हणजे कंजुषी आणि भित्रेपणा. चौथी म्हणजे कर्जाचे ओझे आणि माणसांची दडपशाही.

आता क्रम बघा. सुरुवात मनाच्या त्रासाने आहे आणि शेवट कर्ज व जुलूम यांच्यावर आहे. म्हणजे मनाचे दुखणे पुष्कळदा घरखर्चात, सावकाराच्या हप्त्यात, कुणाच्या तरी धाकात दडलेले असते. आणि मध्ये आळस आहे. जो आळसापासून आसरा मागतो, त्याने मुसल्ल्यावरून उठून कामालाही लागायचे आहे. अभ्यास राहिला असेल तर पुस्तक उघडायचे, कर्ज असेल तर वही घेऊन हिशेब मांडायचा.

शंका आली तर?

शंका, म्हणजे वसवसा, हा वेगळा त्रास आहे. कुणी पुन्हा पुन्हा वुजू करतो, कुणाला नमाजमध्ये रकातींचा हिशेब लागत नाही. कुणाच्या मनात अल्लाहबद्दलच असे विचार येतात, की सांगायला लाज वाटावी. सहाबांनाही असे विचार आले होते. त्यांनी प्रेषितांना (स.) सांगितले, की ते बोलून दाखवणेही आम्हाला फार भारी वाटते. सहीह मुस्लिममध्ये आहे, की प्रेषितांनी (स.) त्या भारी वाटण्यालाच उघड ईमान म्हटले. विचार येतो म्हणून माणूस गुन्हेगार होत नाही. तो नकोसा वाटतो, हीच ईमानाची खूण.

वुजूबाबत उलमांचा सरळ नियम आहे : खात्री शंकेने मोडत नाही. वुजू केल्याची खात्री आहे आणि तुटल्याची नुसती शंका आहे, तर वुजू कायम. रकातींच्या शंकेत कोकणातले शाफई आणि देशावरचे हनफी यांच्या तपशिलात थोडा फरक आहे, तो आपल्या मौलानांना विचारून घ्यावा.

आधी विचारपूस

सुनन अबू दाऊदमध्ये एक प्रसंग आहे. हजरत अबू उमामा (रजि.) नमाजची वेळ नसताना मस्जिदीत बसलेले दिसले. प्रेषितांनी (स.) कारण विचारले. चिंता आणि कर्ज, असे त्यांनी सांगितले. तेव्हा हीच दुआ सकाळ-संध्याकाळ पढायला सांगितली गेली. या प्रसंगाची सनद काही मुहद्दिसांनी कमजोर मानली आहे. दुआ मात्र बुखारीत आहेच. त्यातली एक गोष्ट आम्हाला विसरता येत नाही : दुआ नंतर आली, विचारपूस आधी झाली.

म्हणून पालकांना आमची विनंती. मूल अवेळी एकटे बसलेले दिसले, तर आधी जवळ बसा, काय झाले ते विचारा. मग दुआ शिकवा. अरबी उच्चार मक्तबच्या उस्तादांकडून नीट करून घ्या, अर्थ घरी मराठीत-उर्दूत सांगा. उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, झोप-जेवण सुटले असेल किंवा शंकेपायी तासन्‌तास हात धुणे चालू असेल, तर डॉक्टरांकडे न्या. इलाज करणे ही प्रेषितांचीच (स.) शिकवण आहे. सरकारच्या टेली-मानस सेवेचा नंबर 14416 आहे, फोन मोफत आहे. जीव नकोसा झाल्याचे मूल बोलले, तर एक दिवसही थांबू नका, त्याला एकटे सोडू नका.

त्या मुलीला आम्ही इतकेच सांगितले, "बेटा, तू रडत रडत का होईना, हात अल्लाहपुढेच पसरतेस ना? मग ईमान कच्चा कसा?"

अल्लाह तआला आपल्या सर्वांच्या घरातली चिंता दूर करो. आमीन.